टाकळीच्या गोगलगायी आणि चिखलदऱ्याचं वय

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालात आणि घाट लागला की सगळे मोबाईल दरीच्या बाजूला वळतात. पुढच्या ट्रिपला एकदा उलट्या बाजूला बघा. डोंगर कापून रस्ता काढलाय तिथे काळ्या दगडाचे जाडजूड थर एकावर एक बसलेले दिसतात. मध्येच एखादा विटकरी-लाल मातीचा पट्टा दिसतो, हातभर उंचीचा, लांबवर सरळ गेलेला. तो पट्टा म्हणजे एका लाव्हाच्या वर जमलेली, आणि पुढचा लाव्हा येऊन भाजून गेलेली जुनी माती. वर चिखलदरा अकराशे मीटरवर. खाली पूर्णेचं सपाट खोरं, अकोला जेमतेम पावणेतीनशे-तीनशे मीटरवर. आणि गंमत अशी की अकोल्याच्या काळ्या मातीखाली, गाळाच्याही खाली खोल बोअर मारत गेलं तर लागतो तो दगडही याच जातीचा काळा पाषाण.

मग एकच दगड वरही आणि खालीही कसा? डोंगर वर गेला की खोरं खाली बसलं? आणि कधी?

हे प्रश्न आपल्या विदर्भात पहिल्यांदा नेटाने विचारणाऱ्यांत एक माणूस होता, ज्याचं नाव तुम्ही शंभर वेळा ऐकलंय. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज. स्पर्धेला, सेमिनारला, मित्राच्या ॲडमिशनला तिथे जाऊन आला असाल. पण हिस्लॉप कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर 'असेल कोणी इंग्रज' इथेच थांबतं. इंग्रज नव्हता, स्कॉटिश होता. आणि कॉलेज त्याने काढलंच नाही. ते १८८३ मध्ये सुरू झालं, तो गेल्यावर वीस वर्षांनी, त्याच्या नावाने.

स्टीफन हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स या छोट्या गावातला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नागपूरला सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्या टेकडीचा आणि या बाळाचा पुढे काही संबंध येईल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसणार. मोठा होऊन तो पाद्री झाला, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी म्हणून १८४४ च्या अखेरीस मुंबईला उतरला आणि १८४५ च्या सुरुवातीला नागपूरला पोचला. वय सत्तावीस. म्हणजे तुमच्या-आमच्यापेक्षा पाच-सात वर्षांनीच मोठा. सोबत बायको, इरॅस्मा. नागपुरात तेव्हा तिसऱ्या रघूजी भोसल्यांचं राज्य होतं आणि वऱ्हाड निजामाकडे.

काम ठरलेलं होतं: धर्मप्रचार करायचा आणि शाळा चालवायची. १८४६ मध्ये शाळा सुरू झाली. तो मराठी शिकला. पुढे गोंडीच्या मागे लागला. धर्मांतराच्या कामाबद्दल प्रत्येकाचं आपलं मत असू शकतं, आणि ते असू द्यावं. मला त्याच्यात रस वाटला तो दुसऱ्याच कारणाने. या माणसाला भूगर्भशास्त्राचा ना पगार होता, ना पद, ना प्रयोगशाळा. खेडोपाडी जायचं ते मिशनच्या कामाला. पण जाताना नजर रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठावर, विहीर खणताना वर आलेल्या दगडांवर. आजच्या भाषेत सांगायचं तर मेन ब्रँच एक आणि खरा जीव ओपन इलेक्टिव्हमध्ये.

जोडीदार मिळाला तोही तसाच. रॉबर्ट हंटर, मिशनमधला सहकारी, वयाने थोडा लहान. (हा हंटर पुढे तब्येतीमुळे परत गेला आणि तिकडे त्याने एक अवाढव्य विश्वकोशी शब्दकोश संपादित केला. म्हणजे याचीही मेन ब्रँच वेगळीच!) दोघं सकाळ-संध्याकाळ फिरायला जायचे. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना दगडात बसलेल्या गोगलगायी सापडल्या.

आता इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळी गोष्ट या गोगलगायींवर उभी आहे.

नागपूर ही एक सीमारेषा आहे. पश्चिमेकडे, म्हणजे आपल्या बाजूला, काळा पाषाण सुरू होतो तो थेट मुंबईपर्यंत. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने दगड. दख्खनच्या लाव्हाने आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे आणि त्याची पूर्वेकडची कड नागपूरच्या आसपास संपते. अकोल्यात किंवा अमरावतीत उभं राहिलं तर आपण या चादरीच्या आत असतो, खालचं काही दिसत नाही. कडेला चादर पातळ होते आणि खाली काय अंथरलंय ते डोकावतं. सीताबर्डीच्या टेकडीत ते सगळं एकाच उभ्या काटछेदात दिसतं: तळाला जुना खडक, त्यावर भोकाभोकांचा लाव्हा, त्यावर गाळाचा पातळ थर आणि माथ्यावर पुन्हा लाव्हा.

तो मधला पातळ थर म्हणजेच टाकळीच्या गोगलगायींचं घर. कुठे मातकट, कुठे चुनखडीचा, कुठे गारगोटीसारखा कडक. त्यात हिस्लॉप आणि हंटर यांना गोड्या पाण्यातले शंख-शिंपले मिळाले. त्यातला फायसा नावाचा एक शंख तर डाव्या बाजूला वळलेला, एकदा पाहिला की विसरत नाही. शिवाय माशांचे खवले, झाडांची फळं-बिया, लाकडाचे तुकडे, भुंग्यांच्या पंखांची कवचं, डोळ्याला जेमतेम दिसतील अशा शिंपाधारी जीवांच्या टरफलांचे ढीग. म्हणजे ज्वालामुखीच्या दोन तडाख्यांच्या मध्ये इथे तळं होतं. शांत, उथळ, काठाला झाडं असलेलं. अशा थराला आज आंतरलाव्हा थर म्हणतात, इंटरट्रॅपियन असंही म्हणतात.

दोघांनी मिळून नागपूर परिसराचा भूगर्भ आणि जीवाश्म यांवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. हिस्लॉपने नमुने पेट्यांमध्ये भरून तिकडे पाठवले आणि मोठमोठी माणसं कामाला लागली. भुंग्यांवर एकाने लिहिलं, टरफलांवर दुसऱ्याने, कामठीच्या वालुकाश्मातल्या नेच्यासारख्या पानांवर तिसऱ्याने. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीला मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेनने तपासली. हा ओवेन म्हणजे डायनोसॉर हा शब्द जगाला देणारा. वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याला तर हिस्लॉपला प्रचंड मोठी हाडं मिळाली. पिसदुरा आज डायनोसॉरच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहे.

आता कळीचा मुद्दा. थरांचं साधं गणित कोणालाही कळतं: वरचं नंतरचं, खालचं आधीचं. दोन लाव्हांच्या मध्ये गाळ सापडला की तो खालच्या लाव्हापेक्षा तरुण आणि वरच्यापेक्षा म्हातारा. गाळातला शंख कोणत्या काळातला ते कळलं की दोन्ही लाव्हांचं वय चिमटीत सापडतं. लाव्हाचं कळलं की त्याने झाकलेली जमीन त्याआधीची आणि लाव्हाला फाडून गेलेली भेग त्यानंतरची. एका दगडावरून अख्ख्या प्रदेशाची जन्मपत्रिका मांडता येते.

पण हिस्लॉपने इथे एक गडबड केली, आणि मला त्याच्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात वाचनीय वाटतो. त्याला असं वाटलं की सगळीकडचे हे गाळाचे थर एकाच विशाल तळ्याचे. आधी तळं, मग त्यावर वरचा लाव्हा पसरला. आणि खालचा लाव्हा? तो त्याच्या मते सगळ्यात शेवटचा. वरचं झाकण थिजून घट्ट झालं होतं, म्हणून नंतर आलेला रस वर फुटू शकला नाही आणि मऊ गाळाखाली आडवा घुसला. ऐकायला अगदी पटण्यासारखं आहे. पण हे खरं मानलं तर चिमटीच मोडते. गाळ दोन्ही लाव्हांपेक्षा म्हातारा ठरतो आणि कित्येक लाव्हा-थरांमधली वेगवेगळी तळी एकाच काळात कोंबावी लागतात.

यातलं खरं काय ते कसं ओळखायचं? तव्यावरची भाकर आठवा. कोणती बाजू करपली यावरून आच कुठून लागली ते कळतं. लाव्हा गाळाखाली घुसला असेल तर गाळाची खालची बाजू भाजायला हवी. पण या थरांची करपलेली बाजू असते ती वरची, नंतर येऊन पसरलेल्या लाव्हाला टेकलेली. खालच्या लाव्हाचा माथा उलट उन्हापावसाने झिजलेला, आणि त्याचेच कण वरच्या गाळात मिसळलेले. म्हणजे खालचा लाव्हा आधी आला, थंड झाला, झिजला, त्यावर पाणी साचलं, गोगलगायी आल्या, मग पुढचा लाव्हा आला. हे नीट मांडलं ते भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्डने. तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांवरचं त्याचं काम १८६९ मध्ये छापलं गेलं. त्याने दाखवलं की हे एक तळं नाही, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या लाव्हांवर साचलेली अनेक तळी आहेत. शिवाय नर्मदेच्या खोऱ्यात लाव्हाच्या खाली बाघचे समुद्री थर आहेत, त्यांतले जीवाश्म क्रिटेशियस काळातले. म्हणजे लाव्हा त्यानंतरचा.

हिस्लॉपने शंखांची तुलना युरोपातल्या शंखांशी करून हे थर इओसीन काळाच्या आसपासचे ठरवले होते. तेव्हा वर्षांत वय सांगायची सोयच नव्हती, फक्त काळांची नावं. आज लाव्हातल्या पोटॅशियमचं आरगॉनमध्ये किती रूपांतर झालं ते मोजून, आणि सह्याद्रीतल्या लाव्हांमधल्या लाल पट्ट्यांत सापडणाऱ्या झिरकॉनच्या कणांमधलं युरेनियम आणि शिसं मोजून थेट वर्षं काढता येतात. उत्तर येतं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्याही आत उरकला. डायनोसॉर संपले तो काळ हाच. हिस्लॉपचं उत्तर निदान एक कोटी वर्षांनी चुकलं होतं. पण कुठे बघायचं ते त्याने बरोबर सांगितलं होतं. पुढच्यांनी उत्तर दुरुस्त केलं तेही त्यानेच गोळा केलेल्या मालाच्या जोरावर. तुमच्या व्हायव्हात उत्तर चुकलं आणि पद्धत बरोबर निघाली तर अर्धे मार्क मिळतात ना? याला मी त्याहून जास्त देईन.

आता आपल्या वऱ्हाडात या. हाच हिशेब इथे लावून बघा.

गाविलगडचे डोंगर आणि पूर्णेचं खोरं यांच्यामध्ये एक मोठी भेग आहे, गाविलगड भ्रंश. परतवाड्याहून उत्तरेला बघितलं की डोंगर भिंतीसारखा एकदम उठतो, तो उगाच नाही. वर चिखलदऱ्याला लाव्हाचे थर, खाली खोऱ्याच्या तळाशीही लाव्हाचे थर. लाव्हा पसरताना तर तो रसच होता, अशी हजार मीटरची पायरी ठेवून तो पसरणार नाही. म्हणजे पायरी नंतर झाली. भेग स्वतः खूप जुनी असली तरी ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हानंतर ती पुन्हा हलली, उत्तरेची बाजू वर राहिली आणि दक्षिणेची बसली. डोंगराच्या वयाला एक वरची मर्यादा मिळाली. ती मिळाली लाव्हामुळे.

सालबर्डीला महादेवाच्या यात्रेला गेला असाल. मोर्शीच्या पुढे, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. तिथे डोंगराच्या पायथ्याशी लाव्हाच्या खालचे दगड उघडे पडले आहेत, एरवी आपल्याकडे जे चादरीखाली झाकलेले असतात ते. त्यात लॅमेटा नावाचा थर आहे आणि त्या थरातून अमरावती विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांनी डायनोसॉरचं हाड नोंदवलं आहे. नागपूरला चादर कडेला संपते म्हणून खालचं दिसतं. सालबर्डीला चादर फाटून वर उचलली गेली म्हणून दिसतं. हिस्लॉप वाटेवर जे शोधत फिरला, ते आपल्याकडे जत्रेच्या रस्त्यावर आहे. आणि तरी आपण तिथे फक्त सेल्फी काढून येतो, हे म्हणायचा मोह होतोय, पण सेल्फी मीही काढलाय.

खोरं बसत गेलं तसा त्यात गाळ भरत गेला. पूर्णेचा गाळ काही ठिकाणी तीनशे मीटरच्याही पुढे खोल आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या पट्ट्यातल्या ज्या मुलांच्या घरच्या विहिरीला खारं पाणी आहे, त्यांना खारपाण पट्टा म्हणजे काय ते मी सांगायला नको. हा पट्टा म्हणजेच हा गाळ. त्याचं वय कसं काढायचं? पुन्हा ज्वालामुखीच मदतीला येतो, पण या वेळी परदेशातला. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर टोबा नावाचा ज्वालामुखी सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी फुटला. त्याची राख समुद्र ओलांडून भारतभर पडली. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठच्या बोरी गावाला अशी राख सापडली आणि पूर्णेच्या गाळातही नदीने कापलेल्या काठांमध्ये फिकट राखाडी थर सापडले, संशोधक तेही टोबाशीच जोडतात. राख एकदम पडते, थोड्याच काळात. त्यामुळे तो थर म्हणजे गाळावर मारलेला तारखेचा शिक्काच. त्याच्या खालचं सगळं ७४ हजार वर्षांपूर्वीचं, वरचं नंतरचं. बैल धुवायला नदीवर जाणाऱ्या माणसाने तो थर हजार वेळा पाहिला असेल. पांढरी माती म्हणून सोडून दिला असेल.

तळाला ६ कोटी ६० लाख वर्षांचा लाव्हा, माथ्याजवळ ७४ हजार वर्षांची राख. आपली काळी, कपाशीची, सोयाबीनची जमीन या दोन शिक्क्यांच्या वर बसली आहे.

राखेचं हे प्रकरण हिस्लॉपला माहीत असणं शक्यच नव्हतं. त्याच्याकडे वेळही फार उरला नव्हता. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी बनलं. शाळा वाढत होती, हंटर केव्हाच परतला होता, आणि हिस्लॉप आता दगडांइतकाच गोंड लोकांच्या भाषेत, गाण्यांत, रीतिरिवाजांत गुंतला होता. सुमारे अठरा वर्षं तो या भागात राहिला. १८६० मध्ये लाव्हाबरोबरच्या गाळाच्या थरांवरचा त्याचा मोठा निबंध छापून आला. हिरव्या रंगाच्या एका कॅल्साइटला त्याच्या नावावरून हिस्लोपाईट असं नावही मिळालं होतं.

४ सप्टेंबर १८६३. पावसाळ्याचे दिवस. मध्य प्रांताचा प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल याच्यासोबत तो टाकळघाटला गेला होता. बुटीबोरीच्या एमआयडीसीजवळचं हे टाकळघाट. तिथे दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांची दफनं. ती उकरून पाहण्याचं काम होतं. संध्याकाळी घोड्यावरून परत येताना बोरीजवळ नाल्याला पूर आला होता. हिस्लॉप त्यात बुडाला. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. ज्याने उभं आयुष्य नाल्यांचे काठ वाचण्यात घालवलं, त्याला नाल्यानेच नेलं.

त्याच्या मागे कागदांचा ढीग राहिला. गोंडांविषयीची टिपणं, शब्दसंग्रह, आणि लिंगोची ती लांबलचक कथा सांगणारं गोंडी गीत, मूळ शब्द आणि भाषांतरासह. अर्धवट, विस्कळीत. टेंपलने ते सगळं लावून १८६६ मध्ये छापलं. गोंडांची ही कथा छापील रूपात लोकांपर्यंत पोचली ती या पुस्तकातून, आणि पुढचे अभ्यासक तिथूनच सुरुवात करत आले.

टाकळी आज नागपूर शहरातच आहे, वस्तीने भरलेली. सीताबर्डीची टेकडी लष्कराच्या ताब्यात आहे, किल्ला ठरावीक दिवशीच बघायला मिळतो. आणि मांगलीची ती कवटी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे.